अठ्ठ्याण्णव अंश

सांगली आणि मिरज यांच्या मध्ये विश्रामबाग आहे. 1919 साली सुरू झालेलं विलिंग्डन कॉलेज इथलंच आणि 1947 सालचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजही इथलंच. नीट उजाडायच्या आत क्लासला निघालेल्या मुलांच्या सायकली रस्त्याला लागतात आणि घराघरांत विषय निघतो तो मार्कांचा. इथल्याच एका मराठी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची ही गोष्ट.

बाई मन लावून शिकवत. तास कधी बुडवला नाही, पोर्शन कधी मागे राहिला नाही. त्यांच्या वर्गाची जर्नलं तर शाळेत नावाजलेली. आकृती पेन्सिलीने, भागांची नावं एका रेषेत, निष्कर्ष पुस्तकातल्या शब्दांत, खाडाखोड शून्य. तपासणीला अधिकारी आले की हेडमास्तर हमखास बाईंच्या वर्गाचा गठ्ठा पुढे करत.

फेब्रुवारी महिना होता. नववीचं प्रात्यक्षिक चाललं होतं. बीकरमध्ये बर्फ घ्यायचा, तो तापवत जायचं, दर मिनिटाला तापमान लिहायचं आणि पाणी उकळून चार-पाच मिनिटं झाली की थांबायचं. मग आलेख काढायचा. तिवईवर तारेची जाळी, जाळीवर बीकर, खाली स्पिरिटचा दिवा, आणि भोवती मुलांची डोकी. बाईंनी सवयीप्रमाणे फळ्यावर तक्ता आधीच काढून ठेवला होता. पहिल्या ओळीत 0, शेवटच्या ओळीत 100. मुलं थर्मामीटरकडे बघत, मग फळ्याकडे बघत आणि वहीत लिहीत.

संध्याकाळी जर्नलं तपासताना बाईंचं पेन एका वहीवर थांबलं. शेवटचे आकडे होते 97, 98, 98, 98, 98. आलेखाची रेघ शंभराला पोहोचायच्या आतच आडवी झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलीला बोलावून घेतलं. अबोल मुलगी होती, मागच्या बाकावरची. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार. हळदीच्या हंगामात त्यांना घरी यायला रात्र व्हायची.

"काय गं, पाणी किती अंशाला उकळतं?"

"शंभर, बाई."

"मग हे अठ्ठ्याण्णव कुठून काढलंस?"

"थर्मामीटरवर तेवढंच होतं, बाई. पाणी खळाखळा उकळत होतं, पण पारा पुढे सरकतच नव्हता. मी परत परत बघितलं."

"शाळेतले थर्मामीटर ते, खराब असायचे. शंभर करून टाक."

मुलगी हलली नाही. "पण बाई, दिसलं ते अठ्ठ्याण्णव होतं."

बाई रागावल्या नाहीत. अजून गठ्ठाभर वह्या तपासायच्या होत्या. त्यांनी स्वतःच लाल पेनाने 98 खोडून 100 केलं, एक गुण कापला आणि खाली शेरा दिला, 'निरीक्षण काळजीपूर्वक करावे.' वह्या कपाटात गेल्या. बाईंच्या डोक्यातून तो विषयही गेला.

परीक्षा झाल्या, निकाल लागले, मे उजाडला. बाईंची बी.एस्सी.ची एक मैत्रीण कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक होती. एका लग्नात दोघींची गाठ पडली. बोलता बोलता बाई म्हणून गेल्या, "तुझं बरं आहे. आम्ही शिकवतो ते सगळं दुसऱ्यांनी शोधलेलं. शोधतात कसं, ते काही कधी बघायला मिळालं नाही."

"मग ये की सुट्टीत. टेबल देते, ॲप्रन देते. एक विद्यार्थी सोबतीला देते. फक्त हात चालवावे लागतील, नुसतं बघत बसता येणार नाही."

बाईंनी घरी विचारलं, हेडमास्तरांच्या कानावर घातलं आणि जायचं ठरवून टाकलं.

शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं ते 18 नोव्हेंबर 1962 रोजी. कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी लांब जावं लागू नये, म्हणून. विद्यापीठाचा माळ मोठा आहे. झाडी आहे, तळं आहे, मोर आहेत. इथला पदार्थविज्ञान विभाग ओळखला जातो तो पातळ फिल्मच्या कामासाठी. काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर एखाद्या पदार्थाचा अतिशय पातळ थर बसवायचा, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. असे थर सौर विद्युतघटात, वायू ओळखणाऱ्या संवेदकात, वीज साठवणाऱ्या उपकरणात लागतात. हे काम महागड्या यंत्रांनी करता येतं, तसंच साध्या बीकरमध्ये, रासायनिक पद्धतीनेही करता येतं. प्रा. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्या इथल्या संशोधकांनी या दुसऱ्या वाटेवर वर्षानुवर्षं काम केलं आणि विद्यापीठाचं नाव देशाबाहेर नेलं.

बाई रोज विश्रामबागेतून मिरजेला जात आणि तिथून कोल्हापूरची पॅसेंजर धरत. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत गाडी कोल्हापुरात पोहोचायची. पहिल्या दिवशी त्यांच्या मनात मोठमोठी यंत्रं, निळे दिवे असं काहीबाही होतं. प्रयोगशाळेत शिरल्यावर दिसले ते बीकर, काचपट्ट्या, मोजपात्रं आणि गरम करायची शेगडी. त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत होतं त्यातलंच बरंचसं.

सोबतीला दिलेला संशोधक विद्यार्थी शिराळा तालुक्यातला होता. त्याने पहिले काही दिवस बाईंना एकच काम दिलं, काचपट्ट्या धुण्याचं. साबणाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग ॲसिटोनने. धुतलेली पट्टी कडेने धरायची, मधे बोट लावायचं नाही.

"अरे, एवढं धुवायचं कशाला?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, बोटाचा तेलकटपणा राहिला की तेवढ्या जागी फिल्म धरत नाही. मग आपण म्हणत बसतो, रसायनात चूक झाली. चूक पट्टीत असते."

मग प्रत्यक्ष काम सुरू झालं. झिंक ऑक्साइडची फिल्म करायची होती. एका बीकरमध्ये जस्ताच्या क्षाराचं, अमोनिया घातलेलं द्रावण. दुसऱ्यात जवळजवळ उकळतं पाणी. तिसऱ्यात धुवायला साधं डिस्टिल्ड वॉटर. काचपट्टी द्रावणात बुडवायची, काही सेकंदांनी उचलून गरम पाण्यात बुडवायची, मग धुऊन काढायची. एका फेरीत काचेवर काहीच दिसत नाही. पुन्हा तेच, पुन्हा तेच. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या की काचेवर दुधट छटा उतरायला लागते. धुण्यात कुचराई झाली तर सैल बसलेले कण तसेच राहतात आणि सगळी फिल्म पापुद्र्यासारखी सुटून येते. 1985 साली फ्रान्समध्ये निकोलाऊ नावाच्या संशोधकाने या पद्धतीला आकार दिला. आज जगभर ती वापरली जाते. लागतात ते बीकर, आणि ठेवायला लागतो तो धीर.

पण बाई सगळ्यात जास्त थबकल्या त्या विद्यार्थ्याची वही बघून. त्यांच्या शाळेत ही वही पहिल्याच दिवशी परत गेली असती. पानोपानी खोडलेले आकडे. मधेच लिहिलेलं, 'फिल्म सुटली.' दोन दिवसांनी पुन्हा, 'फिल्म सुटली, कारण माहीत नाही.' एका ठिकाणी, 'लाईट गेली, पाणी गार झालं, पट्टी 14 टाकून दिली नाही, वेगळी ठेवली.' पानांना नंबर घातलेले होते आणि एकही पान फाडलेलं नव्हतं. खोडलेला प्रत्येक आकडा एकाच आडव्या रेघेने खोडलेला होता. खालचं नीट वाचता येत होतं, शेजारी तारीख आणि सही होती.

"व्हाइटनर का लावत नाहीस? स्वच्छ दिसेल."

"चालत नाही, मॅडम. आज चुकीचा वाटतो तोच आकडा उद्या बरोबर निघू शकतो. मिटवून टाकला तर काय बघणार? आमच्या मॅडम म्हणतात, रेघ मारा, पण झाकू नका."

बाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या डोळ्यांपुढे शाळेतला जर्नलांचा गठ्ठा आला. पस्तीस वह्या आणि पस्तिसांतही एकच आकडे. इथे एका माणसाचे दोन दिवसांचे आकडे जुळत नव्हते, आणि तरी त्याला कोणी निष्काळजी म्हणत नव्हतं.

एके दुपारी पाण्याच्या बीकरवर लक्ष ठेवायचं काम बाईंकडे होतं. पाण्याला उकळी फुटली. तळातून मोठे बुडबुडे उठून वर फुटायला लागले. बाईंनी थर्मामीटर वाचला आणि हाक मारली, "अरे, दुसरा थर्मामीटर दे. हा बिघडलाय. अठ्ठ्याण्णवच्या वर जातच नाही."

विद्यार्थी आला. त्याने डोळे पाऱ्याच्या पातळीला नेऊन बघितलं. "अठ्ठ्याण्णव आहे, बरोबर. पण बिघडलाय कशावरून, मॅडम?"

"कशावरून म्हणजे? पाणी उकळतंय समोर. शंभर नको का दाखवायला?"

"बघूया की तपासून."

तपासायचं म्हणजे काय, ते त्याने करूनच दाखवलं. बर्फ बारीक कुटला, त्यात थोडं डिस्टिल्ड वॉटर घातलं, थर्मामीटरचा फुगा मधोमध ठेवला आणि पारा स्थिर होईपर्यंत वाट बघितली. बरोबर 0. मग दुसरा थर्मामीटर आणला. तोही बर्फात 0 आणि उकळत्या पाण्यात 98 ला येऊन थांबला. तिसरा आणला, तोही तिथेच.

बाई तीनही थर्मामीटर हातात धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात प्राध्यापक मैत्रीण आत आली. काय चाललंय ते ऐकून तिने एकच प्रश्न विचारला.

"अगं, तू आत्ता समुद्रापासून किती उंचावर उभी आहेस?"

बाईंना उत्तर माहीत होतं आणि नव्हतंही. पाणी उकळतं म्हणजे त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाशी बरोबरी करतो. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. हे त्या दरवर्षी वर्गात सांगत. डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो, कुकर लागतो, हेही सांगत. पण डोंगर म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे हिमालय यायचा. आपण स्वतः दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच बसलोय, हे त्या धड्याशी कधी जोडलंच गेलं नव्हतं. साधारण दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनांक सुमारे एका अंशाने उतरतो. साडेपाचशे मीटरला जवळपास दोन अंश. शंभरातून दोन गेले, अठ्ठ्याण्णव राहिले. थर्मामीटर खरं बोलत होता.

"शंभर हा आकडा खोटा नाही," मैत्रीण म्हणाली. "पण त्याला अट आहे. प्रमाण वायुदाबाला, म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाला शंभर. आपण आकडा पाठ केला आणि अट गाळली." मग चहा पिताना तिने एक गोष्ट सांगितली.

एकोणिसाव्या शतकात हिमालयातल्या मिलम गावात नैनसिंह रावत नावाचे शाळामास्तर होते. मास्तर म्हणून लोक त्यांना पंडित म्हणत. 1863 साली त्यांना डेहराडूनला सर्वेक्षण खात्यात बोलावून मोजमापाचं शिक्षण दिलं गेलं. तिबेट तेव्हा परक्यांना बंद होता. नैनसिंह यात्रेकरूच्या वेशात निघाले. हातात जपमाळ, पण तिला 108 ऐवजी 100 मणी, कारण ती पावलं मोजायला होती. सामानात थर्मामीटर लपवलेला. मुक्कामाला पाणी उकळायचं, आकडा बघायचा आणि गुपचूप टिपून ठेवायचा. 1866 च्या जानेवारीत ते ल्हासाला पोहोचले आणि तिथेही त्यांनी हेच केलं. त्या आकड्यांवरून ल्हासाची उंची काढता आली. 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

"ल्हासाला पाणी 88 च्या आसपास उकळतं," मैत्रीण म्हणाली. "नैनसिंह म्हणाले असते, थर्मामीटर खराब झालाय, पाणी तर शंभरालाच उकळतं, आणि वहीत शंभर लिहून मोकळे झाले असते, तर ल्हासा नकाशावर समुद्रकाठी आलं असतं."

त्या संध्याकाळी बाई मिरज स्टेशनवर उतरल्या. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी होती. स्टेशनचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. साडेपाचशे मीटरच्या घरातला आकडा. बाई रोज त्या पाटीखालून जात होत्या. त्या दिवशी त्यांनी ती पहिल्यांदा वाचली, आणि वाचता वाचता त्यांना लाल पेनाने खोडलेलं 98 आठवलं.

सुट्टी संपेपर्यंत त्या प्रयोगशाळेत जात राहिल्या. त्यांच्या हातून जगाला कळवावा असा शोध लागला नाही. बऱ्याचशा फिल्म सुटल्या, थोड्या टिकल्या. त्यांनीही एक वही घातली होती. पानांना नंबर घातले होते आणि सुटलेल्या प्रत्येक फिल्मची नोंद केली होती.

जूनमध्ये शाळा उघडली. बाईंनी कपाट उघडून मागच्या वर्षीचा गठ्ठा काढला, ती वही शोधली आणि आपण लिहिलेल्या प्रत्येक 100 वर एक आडवी रेघ मारली. शेरा तसाच रेघेने खोडला. शेजारी तारीख घातली, सही केली. मुलगी आता दहावीत होती. तिला बोलावून त्यांनी वही पुढे ठेवली.

"तुझा आकडा बरोबर होता. तुझा गुण तुला परत दिलाय. विश्रामबागेत पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं." आणि का, ते समजावून सांगितलं.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा खुलला, पण लगेच ती विचारात पडली. "बाई, मग बाकीच्यांच्या थर्मामीटरवर पण अठ्ठ्याण्णवच आलं असेल ना?"

बाईंना या प्रश्नाची कल्पनाच नव्हती. एका वहीत चूक दुरुस्त करायची म्हणून त्या आल्या होत्या. चूक उरलेल्या चौतीस वह्यांत होती. चौतीस मुलांनी 98 बघितलं होतं आणि 100 लिहिलं होतं. डोळ्यांपेक्षा फळ्यावर विश्वास ठेवायचा, हे ती मुलं शिकली होती, आणि अगदी नीटनेटक्या अक्षरांत शिकली होती.

त्याच आठवड्यात बाईंनी दहावीला तो प्रयोग पुन्हा करायला लावला. या वेळी फळा कोरा होता. "शेजारच्या टेबलावर बघायचं नाही. दिसेल ते लिहायचं. खोडायचं झालं तर एक रेघ, आणि शेजारी कारण," एवढंच सांगितलं.

आकडे आले. एका गटाचे 98, दुसऱ्याचे 98, तिसऱ्याचे साडेअठ्ठ्याण्णव, चौथ्याचे साडेसत्त्याण्णव. पाचव्या गटाचे 96. वर्गात कुजबुज सुरू झाली. पाचव्या गटातल्या मुलाने हळूच खोडरबर उचललं.

"थांब," मागच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली. एवढ्या मोठ्याने ती वर्गात कधी बोलली नव्हती. "बाई, आपण आधी काटा बघूया का?"

"काटा?"

"म्हणजे थर्मामीटर. आमचे बाबा यार्डात गेले की आधी वीस किलोचं शिक्क्याचं वजन काट्यावर ठेवतात. काटा वीसच दाखवतो का बघतात. मगच पोतं चढवतात. आणि मग जो आकडा दिसेल तो चिठ्ठीवर. शेतकरी ओळखीचा असो, व्यापारी ओळखीचा असो."

बाईंनी बर्फ मागवला. पाचव्या गटाचा थर्मामीटर बर्फात ठेवला. पारा शून्याच्याही खाली, उणे 2 वर थांबला. तो खरोखरच दोन अंश कमी दाखवत होता. 96 मध्ये 2 मिळवले की 98. त्या मुलाने 96 खोडलं नाही. खाली लिहिलं, 'थर्मामीटर बर्फात उणे 2 दाखवतो, म्हणून दुरुस्त तापमान 98.' बाईंना वाटलं, विद्यापीठात जे शिकायला आपण रोज कोल्हापूर गाठलं, ते तोलाईदाराच्या लेकीला घरातच मिळालं होतं. दिसेल ते लिहायचं, आणि ज्याने मोजलं ते आधी तपासायचं. दोन्ही हवं. नुसतं पहिलं केलं असतं, तर 96 हेच खरं मानून वर्ग पुढे गेला असता.

मग मुलांनी उलटं गणित केलं. शंभरातून आपला आकडा वजा करायचा आणि 300 ने गुणायचं. विश्रामबागेची उंची कोणाची साडेचारशे मीटर निघाली, कोणाची साडेसातशे. पाचही गटांची सरासरी आली 600. मिरजेहून येणाऱ्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी स्टेशनवरच्या पाटीचा आकडा लिहून आणला. मुलांनी तो आपल्या उत्तराशेजारी मांडला. पन्नासेक मीटरचा फरक का, यावर वाद रंगला. आपल्या थर्मामीटरवर अर्ध्या अंशाच्या खालचं धड वाचता येत नाही, असं एक जण म्हणाला. अर्धा अंश म्हणजेच दीडशे मीटर. पावसाळ्यात हवेचा दाब थोडा उतरतो, त्यामुळे पाणी आणखी जरा आधी उकळतं आणि उंची जास्त निघते, हे बाईंनी सांगितलं. डिसेंबरमध्ये पुन्हा मोजूया, असं मुलांनी स्वतःहून ठरवलं. घंटा झाली तरी कोणी उठायला तयार नव्हतं.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. पालकसभेत एका वडिलांनी काळजीने विचारलं, "बाई, बोर्डाच्या पेपरात पोराने 98 लिहिलं तर मार्क कोण देणार?"

"पेपरात तो 100 लिहील," बाई म्हणाल्या. "आणि सोबत लिहील, प्रमाण वायुदाबाला. तेही खरंच आहे. पण प्रयोगवहीत तो लिहील ते विश्रामबागेतलं, त्या दिवसाचं, त्याने स्वतः बघितलेलं. दोन्ही खरं कसं, हे त्याला सांगता येईल. ज्याला ते सांगता येतं त्याचे मार्क जात नाहीत."

मागे भिंतीला टेकून तोलाईदार उभे होते. ते म्हणाले, "आमच्याकडं चिठ्ठीवरच्या आकड्यावर शेतकऱ्याचं वर्षाचं पैसं ठरत्यात, बाई. आकडा बदलायची सवय एकदा हाताला लागली की सुटत नाही. पोरांना ती लागू नये, एवढंच."

त्या वर्षी तपासणीला अधिकारी आले तेव्हा हेडमास्तरांनी दुसऱ्या वर्गाचा गठ्ठा पुढे केला. बाईंच्या मुलांच्या जर्नलांत आता रेघा होत्या, दुरुस्त्या होत्या, 'कारण कळले नाही' अशी वाक्यं होती. बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. दर वर्षी त्या फळा कोरा ठेवतात आणि दर मे महिन्यात, जमेल तेवढे दिवस, मिरजेहून कोल्हापूरची गाडी धरतात.

या गोष्टीचा बोध साधा आहे. पुस्तकातलं प्रत्येक विधान कोणीतरी, कुठेतरी, काहीतरी मोजून लिहिलेलं असतं आणि त्याला त्या ठिकाणची अट चिकटलेली असते. विधान पाठ करावं, पण अटीसकट. आणि मोजायची पाळी आपल्यावर आली की वहीत दिसेल तेच लिहावं, साधन तपासावं, चुकलं तर झाकू नये. मुलांना हे सांगून येत नाही. गुरुजी-बाईंनी ते स्वतः एकदा केलेलं असावं लागतं. म्हणून विद्यापीठांनी सुट्टीत आपल्या प्रयोगशाळेतलं एखादं टेबल शाळेतल्या शिक्षकांसाठी मोकळं ठेवावं, आणि शिक्षकांनी तिथे काचपट्ट्या धुण्यापासून सुरुवात करायला संकोच करू नये.

पालकांनाही एक सांगणं आहे. मुलाचं जर्नल आज हातात घ्या. सगळे आकडे पुस्तकाबरहुकूम असतील तर शाबासकी द्यायच्या आधी विचारा, "तुला खरं किती दिसलं होतं?" मुंबईत समुद्रकाठी पाणी शंभरला उकळतं, विश्रामबागेत अठ्ठ्याण्णवच्या आसपास, महाबळेश्वरला पंचाण्णवच्या आसपास. तुमच्या गावात किती, ते मुलाला सोबत घेऊन मोजा आणि जो आकडा येईल तोच त्याला लिहू द्या.